काळ्या वाळूतलं मीठ

माझी आई पाहुण्यांना माझ्याबद्दल सांगताना आवाज जरा खाली घ्यायची. "रसायनशास्त्र शिकली, पण कारखान्यात वाळू चाळती," असं म्हणायची, आणि पाहुणे कुणाच्या घरी काही वाईट घडल्यासारखा चेहरा करायचे. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही, कारण ते खोटं नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटची आणि त्यानंतरचीही बरीच वर्षं मी नाशिकला सातपूरच्या एका फाउंड्रीत वाळू चाळली, वाळवली, तोलली, पाण्यात ढवळली आणि गाळली. बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळपट डाग असायचे. ते साबणाने जात नाहीत, कातडी बदलते तेव्हाच जातात. लग्नात मेंदी काढायला आलेल्या मुलीने माझा हात धरून विचारलं होतं, "ताई, आधी कुणी काढून गेलं का?"

फाउंड्रीत लोखंड वितळवून त्याचा रस साच्यात ओततात आणि पंपाची, मोटारीची कवचं तयार करतात, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. साचा वाळूचा असतो, हे फार जणांना ठाऊक नसतं. वाळूने धरून राहावं म्हणून तिच्यात चिकणमाती कालवतात, कोळशाची पूड घालतात, बेताचं पाणी घालतात. रस थंड झाला की साचा फोडायचा, लोखंडी भाग काढून घ्यायचा आणि तीच वाळू पुन्हा कालवायची. पण दर फेरीला त्यातली थोडी जळून निकामी होते. ती शेडच्या मागे नेऊन टाकायची. आमच्या शेडमागे अशा काळ्या वाळूचा डोंगर झाला होता. कामगार त्याला 'आपला ब्रह्मगिरी' म्हणायचे.

पूर्वी हा डोंगर साचत नसे. ट्रक भरून वाळू एका गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत जायची. मग गावकऱ्यांनी ट्रक अडवले. वारा सुटला की काळी धूळ उडून मेथीवर, पालकावर, झेंडूवर बसायची आणि बाजारात तो माल कुणी हातात घेईना. आमचे मालक, शेठ, गावकऱ्यांच्या नावाने बोटं मोडत होते. मला तसं करवेना. माझे वडीलही शहराच्या दुसऱ्या अंगाला भाजी पिकवायचे, आणि त्यांच्या कोथिंबिरीवर कुणी काजळी उडवली असती तर सगळ्यात पुढे ट्रकसमोर मीच उभी राहिले असते.

खाण बंद झाली, वाळू आवारातच साचत गेली, आणि उन्हाळ्याच्या तोंडी सरकारी माणूस येऊन तंबी देऊन गेला. पावसाच्या पाण्याबरोबर हा ढीग नाल्यात उतरेल, त्याआधी तो हलवा, नाहीतर भट्टी बंद करा. शेठनी आम्हा सगळ्यांना शेडमध्ये जमवलं आणि सरळ सांगितलं, "जागा मिळाली नाही, तर मी पावसाळ्यात कुलूप लावतो. उगाच आशेवर ठेवणार नाही कुणाला."

तेव्हा माझी नजर भट्टीच्या मिस्त्रीमामांकडे गेली. मामा घोटीकडचे. चार भावांत भाताची एवढीशी जमीन, म्हणून तरुणपणीच नाशिकला येऊन भट्टीवर लागलेले. पन्नाशी उलटलेली. एका जुन्या अपघातात भाजून डाव्या हाताची बोटं आखडलेली होती. रस ओतायची वेळ त्यांना रंगावरून कळायची, पण त्या हाताकडे बघून दुसऱ्या कुठल्या कारखान्याने त्यांना दारातसुद्धा उभं केलं नसतं. हे त्यांनाही ठाऊक होतं. शेठचं बोलून झाल्यावर ते भट्टीकडे परत गेले.

मी शेठच्या मागोमाग त्यांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "ही वाळू फेकायची वस्तू नाहीच. हिच्यात सिमेंट घालून ब्लॉक होतील, चौकटीवरचे लिंटेल होतील. नदीची वाळू उपसण्यापेक्षा ही वापरा म्हणावं." मी हवेत बोलत नव्हते. पोकळ भागांसाठी रसायन घालून घट्ट केलेली वेगळी वाळू असते. ती या ढिगात मिसळायची नाही, असा हट्ट मी नोकरीला लागल्या लागल्या धरला होता आणि त्यापायी बोलणीही खाल्ली होती. त्यामुळे आमच्या ढिगात विषारी म्हणावं असं काही नव्हतं. साचे फोडतात तिथून मी कितीदा तरी नमुने घेऊन तपासले होते. शेठ म्हणाले, "घेणारा आणा." मी मुंबई रस्त्यावरचा एक ब्लॉकवाला शोधून काढला, त्याच्या आवारात उन्हात ताटकळत बसले, आणि शेवटी त्याला कबूल करवलं. त्याची एकच अट होती: त्याचा माणूस नमुना नेईल आणि बाहेर तपासून घेईल.

माणूस आला, पोतं भरून घेऊन गेला. आठवड्यानंतर ब्लॉकवाल्यांचा फोन आला.

"ताई, तुमच्या वाळूत मीठ आहे."

"कसलं मीठ?"

"खायचं, दुसरं कसलं! असलं भिंतीत घातलं तर लोणा धरेल, पोपडे पडतील. आणि लिंटेलमधली सळई दोन पावसाळ्यांत गंजून फुगेल. कुणाच्या डोक्यावर पडलं म्हणजे? माफ करा, जमायचं नाही."

माझा पारा चढला. तपासणारे झोपेत असतील, भांडी खारट पाण्याने धूत असतील, असं बरंच काही मी बोलून घेतलं. ब्लॉकवाले शांत गृहस्थ होते. म्हणाले, "उरलेलं पोतं इथंच आहे. घेऊन जा आणि तुम्हीच बघा." मी नेलं. ती वाळू पाण्यात ढवळली, गाळली, खूण म्हणून क्रोमेटने पिवळ्या केलेल्या त्या पाण्यात नळीतून थेंब थेंब सिल्व्हर नायट्रेट सोडायला बसले. मीठ जितकं जास्त, तितके थेंब जास्त लागतात; एरवी चार-दोन थेंबांत पाणी विटकरी व्हायचं आणि तपासणी संपायची. त्या दिवशी नळी रिकामी होत आली तरी पाणी पिवळंच. ते खरं बोलत होते. वाळूत मीठ होतं, आणि चांगलंच होतं.

मग सुरू झाली शोधाशोध. शेठना एका क्षणात गुन्हेगार सापडला. "चिकणमाती कच्छची. तिथली जमीनच खारी. बघा, मी म्हणत नव्हतो?" ते असं काहीही म्हणत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांचा संशय वाळूवर गेला, कारण ती कोकणातली. तिसऱ्या दिवशी बोअरच्या पाण्यावर. मी एकेक घेऊन बसले. माती तपासली, कोरी वाळू तपासली, कोळशाची पूड, पाणी, अगदी साच्याला फासतात तो काळा लेपसुद्धा तपासला. कशातही तेवढं मीठ नव्हतं. साचा फोडून आलेल्या ताज्या वाळूतही नव्हतं. मातीच्या व्यापाऱ्याला शेठनी मधल्या काळात फोनवर इतकं झापलं होतं, की पुढे वर्षभर तो आमच्याशी तुटक बोलायचा. साप साप म्हणून भुई धोपटून झाली आणि साप काही सापडला नाही.

आडात नाही, मग पोहऱ्यात आलं कुठून? या प्रश्नाने मला जेवण गोड लागेना. घरी भाजीत मीठ घालतानाही हात थबकायचा. दरम्यान ऊन तापत होतं, इगतपुरीकडे ढग जमायला लागल्याच्या गप्पा निघत होत्या, आणि शेठनी जुनी यंत्रं विकत घेणाऱ्या एका माणसाला एकदा शेडमधून फिरवलं होतं. कामगारांनी तो माणूस बघितला होता. चहाच्या वेळची चेष्टामस्करी कमी झाली.

मी ठरवलं, आता ढिगालाच विचारायचं. डोक्याला ओढणी बांधली, फावडं घेतलं आणि ब्रह्मगिरीवर चढले. दोरी बांधून ढिगाचे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनात खणून वरची, मधली, खालची वाळू पिशव्यांत भरली. भट्टीवरची पोरं खालून ओरडायची, "ताई, हंडा सापडला तर निम्मा आमचा!" मी म्हणायचे, "सापडला तर तुम्हाला ढकलून देऊन एकटी पळून जाईन." तपासण्या संपायला बरेच दिवस लागले, कारण मी एकटीच होते आणि नळी एकच होती.

उत्तर आलं तेव्हा माझाच विश्वास बसेना. सगळा डोंगर स्वच्छ होता. मीठ फक्त एका कोपऱ्यात होतं, शेडच्या मागच्या दारासमोरच्या. दारातून बाहेर पडलं की पहिलं पाऊल तिथेच पडतं. ब्लॉकवाल्यांचा माणूस उन्हात डोंगरावर कशाला चढेल? त्यानेही तिथूनच पोतं भरलं होतं.

शेठ आनंदाने उठून उभे राहिले. "मग झालं की! पुन्हा बोलवा त्याला आणि पलीकडून नमुना द्या."

"आणि ट्रक भरताना?"

"ट्रकचं काय?"

"ट्रक कोपरा सोडून भरणार आहेत का? तो कोपरा कुणाच्या तरी लिंटेलमध्ये जाणारच."

"मॅडम, एवढ्याशा कोपऱ्यासाठी कारखाना बुडवू?"

"बुडवू नका. पण माझ्या नावाने खोटा नमुना जाणार नाही. आणि मीठ कुठून येतंय ते कळलं नाही, तर उद्या ते दुसऱ्या कोपऱ्यात येईल." मी आवाज चढवून बोलत होते. भीतीपेक्षा राग जास्त होता. माझ्या नोकरीचा प्रश्न माझ्या मनात आला नाही असं नाही, पण तो नंतर, बसमध्ये आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कोपऱ्यात जाऊन बसले. धूळ दाबायला ढिगावर रोज पाणी मारत असत, त्यामुळे वाळू ओलसर होती. आणि तिच्यात कोवळी रोपं उगवली होती. दोन गोल खाचेची पानं, मधून खरबरीत तिसरं डोकावणारं. शहरातल्या माणसाने गवत म्हणून सोडून दिलं असतं. मी वाफ्यांत वाढलेली. मुळा असेल म्हणून एक पान चावून बघितलं. नाकात झणका गेला. मोहरी होती.

काळ्या जळक्या वाळूत मोहरी कोण पेरील? आणि मीठ आणि मोहरी एका जागी कधी येतात, हे सांगायला कुठलं पुस्तक लागतं? लहानपणी ताप आला की आई मला पाटावर बसवायची, मूठभर मीठ-मोहऱ्या माझ्यावरून उतरवायची आणि चुलीत टाकायची. काखेत कळसा होता आणि मी कच्छपर्यंत वळसा घालून आले होते. मला आधी हसू आलं, पण ते टिकलं नाही, कारण आता मला कुणाला तरी जाऊन हे सांगायचं होतं.

कोण, ते त्याच सकाळी कळलं. पहिला रस तयार व्हायच्या आधी मिस्त्रीमामा मागच्या दारातून बाहेर आले. उजव्या हाताची मूठ वळलेली. उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकलं, मूठ ढिगावर झटकली आणि मागे न बघता आत निघून गेले. दृष्ट टाकायच्या जागेकडे बघायचं नसतं, टाकून झाल्यावर मागेही नाही. म्हणूनच मोहरी उगवलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांच्यामागून साचे भरणारे दोघं आले, त्यांनीही तसंच केलं.

जेवणाच्या सुट्टीत मी मामांना कोपऱ्यापाशी घेऊन गेले. रोपं दाखवली. त्यांनी वाकून एका पानाला बोट लावलं.

"मामा, हे घरी चुलीत टाकतात ना? तुम्ही इथं का टाकता?"

"चूल कुठं ऱ्हायली, ताई? कोळशाची भट्टी व्हती तवा रोज तिच्यातच टाकायचो. मंग शेठनी विजेची आनली. हिला जाळच नाय. वितळल्याल्या रसात मीठ टाकू का? उडंल अंगावर. मंग म्हनलं, दाराभाईर तर टाकू."

मग त्यांनी पुढचं सांगितलं, त्यातलं बरंच मी इतरांकडून ऐकलं होतं. विजेची भट्टी नवी आली तेव्हा सुरुवातीचे महिने दृष्ट काढायची राहूनच गेली. जाळ नाही तर टाकायची कुठे, या घोळात. त्याच दिवसांत एक साचा फुटला आणि रस उसळून साचे भरणाऱ्या एका माणसाच्या तोंडावर उडाला. त्याला ओढताना मामांचा हात भाजला. त्या माणसाचा एक डोळा गेला. तो गावी परत गेला आणि पुन्हा आला नाही. मामा बरे होऊन आले त्या दिवसापासून एकही सकाळ चुकली नव्हती.

"तवापून कुनाला इंगळासुदिक लागला नाय," ते म्हणाले.

मला त्या अपघाताची दुसरी बाजू ठाऊक होती. त्या दिवशी वाळू प्रमाणाबाहेर ओली होती. साच्यातल्या पाण्याची एका क्षणात वाफ झाली आणि तिने रस बाहेर फेकला. त्यानंतरच शेठनी वाळू तपासायला माणूस ठेवायचं ठरवलं, आणि ती जागा मला मिळाली. मामांचं मीठ आणि माझी नोकरी एकाच दिवसाची. मी हे सगळं त्यांना समजावून सांगायला लागले. ओलावा, वाफ, रोजची तपासणी. मामांच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या.

"तुमी पानी मोजता म्हनून न्हाई फुटत, आसं म्हनायचंय तुमाला."

"हो."

"मंग तुमी मोजा. मी टाकतो. दोघांचं चालू द्या. कशाला मोडता घालता?"

आता माझा संयम सुटला. मी तावातावाने म्हणाले, "टाका की! पण ही वाळू इथं राहणार नाही, मामा. हिचे ब्लॉक होणार. हे मीठ लोकांच्या घरांच्या भिंतींत जाणार."

मला गंज म्हणायचं होतं, सळई म्हणायची होती. पण मामांनी तेवढंच ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"लोकांच्या भितींत?"

"हो."

"म्हंजी आमच्या पोरांवरून उतरिवल्यालं, ते लोकांच्या घरात जानार व्हय? त्यांची लेकरं त्या भितीला टेकून बसनार?"

इतके दिवस मी त्या मिठाकडे पिवळ्या पाण्यातून बघत होते. आमच्या पोरांच्या अंगावरचं संकट काढून ते अनोळखी माणसाच्या उशाशी ठेवायचं, असा या गोष्टीचा अर्थ होतो, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मामा खाली बसले आणि एकेक रोप उपटायला लागले. मी सांगितलं, रोपांनी काही होत नाही. ते उपटतच राहिले.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ते स्वतः फावडं घेऊन आले, बरोबर भट्टीवरची पोरं. मी आखून दिलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त त्यांनी खणलं. मी म्हणाले, "मामा, बास, इथून पुढे स्वच्छ आहे." ते म्हणाले, "तुमच्या नळीत स्वच्छ. माझ्या नाय." पार खालचा मुरूम लागेपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही. मग प्रश्न आला, या वाळूचं करायचं काय. मामांचं म्हणणं, गंगेत सोडून देऊ. नाशिककराला गंगा म्हणजे गोदावरीच. मी कमरेवर हात ठेवून सांगितलं, नदीत एक टोपलंसुद्धा जाणार नाही, हवं तर मला आधी सोडा. वाद बराच चालला. शेवटी तेच म्हणाले, "जाळात जायचं व्हतं ते. जाळातच जाऊ दे."

म्हणजे साच्यांत. ती वाळू थोडी थोडी करून नव्या वाळूत मिसळायची आणि वर वितळलेलं लोखंड ओतायचं. मला त्यात खोट दिसेना. मिठाने साच्याच्या मातीची पकड जरा ढिली होते, म्हणून मी प्रमाण अगदी बेताचं ठेवलं, आणि रसाला भिडणारी वाळू सोडून मागच्या भरावातच ती घालू दिली. प्रत्येक कालवणाची ताकद मोजली. ओतीव भाग नेहमीसारखेच निघाले. साचा फोडल्यावर ती भरावाची वाळू वेगळी काढून पुन्हा भरावातच वापरली, म्हणून आमच्या त्या कोपऱ्याची एक मूठही आवाराबाहेर गेली नाही.

रोजची दृष्ट टाकायला मी बाजारातून लोखंडी शेगडी आणली. शेठनी कपाळाला हात लावला. "विजेच्या भट्टीशेजारी कोळशाची शेगडी! कुणी विचारलं तर काय सांगू?" मी म्हणाले, "मला विचारायला सांगा." शेगडी मागच्या दाराबाहेर, ढिगापासून दूर, फरशीवर ठेवली. सकाळी मीठ तडतडायचं, जाळ मिळाला म्हणून आता त्यात मिरच्याही आल्या, त्यांचा ठसका उठायचा आणि सगळी शेड शिंकायची. ओलावा मोजून मीही तिथून जायचे तेव्हा मामा मला ऐकू येईल असं विचारायचे, "मोजलं का पानी?" मी म्हणायचे, "टाकलं का मीठ?"

ब्लॉकवाल्यांकडे मी स्वतः गेले आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. शेठ आदल्या दिवशी विनवून थकले होते की दृष्ट टाकण्याचं बोलू नका, हसतील लोक. ब्लॉकवाले हसले नाहीत. आपल्या सिमेंट कालवायच्या यंत्रावर टांगलेली लिंबू-मिरची त्यांनी मला दाखवली आणि म्हणाले, "आमचीही आहे, पण बाहेर टांगतो, आत नाही घालत." मग ते स्वतः आमच्याकडे आले, ढिगावर चढले आणि वाटेल तिथे फावडं मारून पोती भरली. जुन्या कोपऱ्यातला मुरूमही त्यांनी सोडला नाही. निकाल यायला लागलेले दिवस मला अजून आठवतात. रोज दुपारी इगतपुरीच्या बाजूला आभाळ काळं व्हायचं, आणि यंत्रं बघणारा तो माणूस आणखी एकदा येऊन गेला.

निकाल चांगला आला. नंतरच्या वर्षांत आमची वाळू ब्लॉकमध्ये गेली, रस्त्याच्या भरावात गेली. आसपासच्या दोन-तीन फाउंड्र्यांनी येऊन आमच्याकडची पद्धत बघितली, आणि त्यांच्या पहिल्या तपासण्याही मीच करून दिल्या. यंत्रं बघणारा माणूस पुन्हा दिसला नाही. मामा भट्टीवरूनच निवृत्त झाले आणि घोटीला गेले. आई मात्र शेवटपर्यंत 'वाळू चाळती' असंच सांगत राहिली.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो पहिला ट्रक. आभाळ भरून आलं होतं, ताडपत्री बांधून झाली होती, ड्रायव्हर घाई करत होता. मामा भट्टी सोडून बाहेर आले आणि ट्रकच्या फाळक्याला हात लावून उभे राहिले.

"ताई, एक सांगा. ह्याच्यात आता काय नाय ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. पण वाळूत काहीच नाही असं कधी नसतं. पाणी विटकरी व्हायला माझ्या नळीतले एक-दोन थेंब तरी लागायचेच. ज्या माणसाने मुरूम लागेपर्यंत खणलं, त्याला मी खोटं सांगणार नव्हते.

"थोडं असतंच, मामा. निकालात बसतं, पण असतं. पाण्यातलं येतं. आणि साचे भरताना पोरांचा घाम गळतो, त्यातलं येतं."

मामांनी ताडपत्रीचं टोक उचललं. आखडलेल्या बोटांनी थोडी वाळू घेतली, चोळून बघितली आणि परत आत टाकली.

"घामाचं व्हय," ते म्हणाले. "मंग जाऊ द्या. घामाचं कुनाला बाधत नाय."

त्यांनी फाळक्यावर थाप मारली आणि ट्रक गेटबाहेर पडला.